मुंग्या, बधिरपणा आणि भोवळ : वारकऱ्याने दवाखाना केव्हा गाठावा

कार्तिकातला काकडा चालू होता. गाव केडगाव. दौंडाकडचे, नारायण महाराजांच्या बेटाचे केडगाव नव्हे. आपल्या नगरचे, रेणुकामातेचे केडगाव. पहाटेची वेळ, थंडी नुकतीच पडू लागलेली. पासष्टीच्या पुढचे एक माळकरी गृहस्थ, जन्मभराचे टाळकरी, भजनात उभे होते. एकाएकी त्यांच्या उजव्या हातातला टाळ निसटला आणि दोरीने डाव्या हाताला लोंबत राहिला. थंडीने बोटे आखडली असतील असे मंडळींना वाटले. ते काही बोलू गेले तर जीभ जड, शब्द अर्धवट. कोणी पाणी पाजले, कोणी हात चोळून दिला. दहा-पंधरा मिनिटांत सारे पूर्ववत झाले. "काही नाही रे, हात भरून आला होता," असे म्हणून त्यांनी पुन्हा टाळ हाती घेतला आणि आरती होईपर्यंत ते उभे राहिले. सर्वांस समाधान वाटले. त्या समाधानात आम्हीही होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांस अंथरुणावरून उठता येईना. उजवे अंग गेले होते आणि वाचाही गेली होती.

त्या दिवसापासून हा विषय आमच्या मनातून गेला नाही. आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. परंतु डॉक्टर मंडळींस विचारून, वाचून आणि वारीत डोळ्यांनी पाहून जे कळले, ते आपल्या बंधुभगिनींपुढे मांडावे म्हणून हा लेख लिहीत आहोत. हा वाचून कोणी स्वतःचे औषध स्वतः करू नये. कोठे थांबून चालेल आणि कोठे एक क्षणही थांबू नये, एवढे ओळखता आले म्हणजे पुष्कळ झाले.

प्रथम शब्दांचा घोळ काढून टाकू. आपल्याकडे 'चक्कर आली' या एका शब्दात चार निरनिराळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे ही एक. घर, खांब, मंडप आपल्याभोवती गरगर फिरत आहे असे वाटणे ही दुसरी. चालताना तोल एका बाजूस जाणे ही तिसरी. आणि शुद्ध हरपून खाली कोसळणे ही चौथी. तसेच 'मुंग्या आल्या' म्हणणाऱ्याला कधी झिणझिण्या म्हणावयाच्या असतात, कधी कातडीला स्पर्श कळत नाही असे म्हणावयाचे असते, तर कधी हातात बळच नाही असे. डॉक्टरांपुढे गेल्यावर नुसते 'चक्कर येते' न म्हणता यांपैकी नेमके काय होते ते सांगावे. अर्धे निदान तेथेच होते. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांचे म्हणणे असे की, म्हातारा मनुष्य दहा मिनिटे बोलतो आणि अकराव्या मिनिटाला, उठता उठता, खरी गोष्ट सांगतो. ती पहिल्या मिनिटालाच सांगावी.

आता भिण्याचे कारण नसलेल्या मुंग्या आधी सांगतो. मांडी घालून दोन-दोन तास कीर्तन ऐकले की पाय झोपतो. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, पिंडरीच्या वरच्या हाडाच्या डोक्यापाशी, एक नस अगदी कातडीखालून जाते. मांडी घातल्यावर ती दाबली जाते आणि पाय बधिर होतो. उठून दोन पावले चालले, पाय हलवला, की काही मिनिटांत मुंग्या येऊन तो जागा होतो. कोपर जमिनीवर टेकून पडल्यास करंगळी व तिच्या शेजारचे बोट झिणझिणते, तेही असेच. दिंडीत खांद्यावर पडशीचा पट्टा दिवसभर राहिला तर त्या बाजूचा हात भरून येतो, खांदा बदलावा. पखवाज वाजवणारांस आणि भाकरी थापणाऱ्या मायबहिणींस रात्री अंगठा व पहिली दोन-तीन बोटे बधिर होऊन जाग येते, हात झटकल्यावर बरे वाटते. मनगटातून जाणारी नस दाबली गेल्याने ते होते. यात जिवास धोका नाही. परंतु महिनोन्महिने चालले तर अंगठ्याखालचा मांसल भाग सुकत जातो, म्हणून केव्हातरी सवडीने दाखवावे. आणि मांडी मोडल्यावरही पाऊल वर उचलता येईना, चालताना पंजा जमिनीला घासू लागला, तर मात्र सवड पाहू नये.

या साऱ्यांची खूण एकच. कारण दिसते, जागा ठराविक असते, कारण दूर होताच मुंग्या जातात, आणि बोलणे, चेहरा, नजर, तोल यांस काही होत नाही.

याच्या उलट जी गोष्ट आहे तिला आपल्या खेड्यांतून 'वारं गेलं' म्हणतात. अंगावरून वारे गेले म्हणजे अर्धांगवायू झाला. शब्द जुना आहे आणि त्याने नुकसानही बरेच केले आहे. वारे लागले म्हणता म्हणता माणसे शेकशेगडी करतात, दार-खिडक्या लावतात, तेल चोळतात. कोठे कोठे कबुतराचे रक्त लावण्याची चाल आहे. तुळशीची माळ घातलेल्या घरात एका मुक्या जिवाचा गळा चिरायचा आणि त्यातून माणूसही बरा व्हायचा नाही, याहून दैन्य ते कोणते? वारे कोठलेही जात नाही. मेंदूला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी गुठळीने तुंबते किंवा फुटते, आणि त्या भागाचे काम बंद पडते. मेंदूचा डावा भाग उजवे अंग चालवतो आणि बहुतेकांची वाचाही तिकडेच असते. म्हणून उजवे अंग व वाचा बरोबरच जातात. आमच्या टाळकरी बुवांचे तेच झाले. वाहिनी तुंबलेली असेपर्यंत मेंदूतील पेशी दर मिनिटास सुमारे 19 लाख या हिशेबाने मरत असतात, असे शास्त्रज्ञांनी मोजले आहे. मेलेली पेशी परत येत नाही.

मग काकड्याच्या पहाटे जे पंधरा मिनिटांत बरे झाले ते काय होते? ती या रोगाची पूर्वसूचना होती. गुठळी येऊन अडकली आणि सुदैवाने विरघळून पुढे गेली. डॉक्टर याला छोटा झटका म्हणतात. हा झटका बहुधा काही मिनिटांत, फार तर तासाभरात ओसरतो आणि माणूस धडधाकट दिसतो. त्यानंतरच्या पहिल्या 48 तासांत मोठा झटका येण्याचा धोका सर्वांत अधिक असतो. म्हणजे ज्या वेळी आपण 'बरा झाला, देवाची कृपा' म्हणून निश्चिंत होतो, नेमकी तीच वेळ दवाखान्यात असण्याची असते. आमच्या बुवांस मिळालेले दोन दिवस आम्ही सर्वांनी मिळून घालवले. त्यांनीही घालवले, कारण काकडा चुकवायचा नव्हता.

छोटा झटका असो की मोठा, ओळखावयाची रीत एकच आणि सोपी आहे. दात दाखवायला सांगावे. तोंड एका बाजूस ओढले जाते काय, ओठाचा एक कोपरा खाली लोंबतो काय, ते पाहावे. डोळे मिटून दोन्ही हात पुढे, तळवे वर, प्रसाद घेण्यासाठी पसरावे तसे धरायला सांगावे आणि मनात दहा अंक मोजावे; एक हात आपोआप खाली येऊ लागला तर खूण पटली. मग 'रामकृष्णहरि' म्हणायला लावावे. जन्मभर जपलेला मंत्र ज्याच्या तोंडून बोबडा निघतो, किंवा जो नुसताच टकमक पाहत राहतो, त्याच्याविषयी आणखी चर्चा करण्याचे कारण नाही. याखेरीज एका डोळ्याने एकाएकी दिसेनासे होणे, एकाची दोन दिसणे, एकाएकी तोल जाऊन उभेच राहता न येणे आणि पूर्वी कधी न झालेली भयंकर डोकेदुखी अचानक उठणे, या खुणाही त्याच रोगाच्या आहेत. 'एकाएकी' हा शब्द येथे महत्त्वाचा. महिनाभर हळूहळू वाढत आलेल्या मुंग्या निराळ्या आणि भजनाच्या दोन चरणांमध्ये गेलेला हात निराळा. या खुणांपैकी एकच जरी दिसली तरी पुरे. सगळ्या जुळण्याची वाट पाहू नये.

असे दिसताच 108 या क्रमांकास फोन करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका 2014 सालापासून चालू आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. गाडीला उशीर होईल असे कळले तर मिळेल त्या वाहनाने निघावे. कोठे जावयाचे हेही ठरलेले असावे. ज्या ठिकाणी डोक्याचा सीटी स्कॅन रात्री-बेरात्री निघतो तेच ठिकाण. कारण वाहिनी तुंबली आहे की फुटली आहे हे त्या चित्राखेरीज कोणाही डॉक्टरास नुसते पाहून सांगता येत नाही, आणि दोहोंचे उपचार परस्परविरुद्ध आहेत. तुंबली असेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आहे. ते खूण दिसू लागल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके आधी दिले तितका गुण अधिक. मोठी वाहिनी तुंबलेली असल्यास मोठ्या शहरांतील काही इस्पितळांत नळी घालून गुठळी ओढून काढतात. त्याला सहा तासांपर्यंत, आणि निवडक रोग्यांत 24 तासांपर्यंतही मुदत मिळते. परंतु त्या मुदतीवर भिस्त ठेवून कोणी घरी बसू नये. फुटलेल्या वाहिनीच्या रोग्यास गुठळी विरघळवणारे औषध दिले तर रक्तस्राव वाढून तो दगावेल. म्हणूनच सांगतो, कोणी शेजारी 'रक्त पातळ होण्याची गोळी द्या' म्हणाला तरी स्कॅनच्या आधी ती देऊ नये.

पाणीदेखील पाजू नये. झटक्यात गिळण्याची शक्ती गेलेली असते. पाणी, चहा, तीर्थ, काहीही घशाऐवजी श्वासनळीत जाते आणि फुप्फुसास बाधा होते. तीर्थ कपाळाला लावा, तोंडात घालू नका. रोग्यास कुशीवर निजवावे, गळ्याभोवतीचे उपरणे सैल करावे आणि वेळ लिहून ठेवावी. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो हा की, रोगी शेवटचा पूर्ण बरा केव्हा दिसला? आपल्या संप्रदायात या प्रश्नाचे उत्तर सोपे असते. काकडा, गाथाभजन, हरिपाठ, कीर्तन यांच्या वेळा ठरलेल्या. 'सायंकाळी सहाच्या हरिपाठात पावली खेळत होते, कीर्तनाला बसताना पाय ओढू लागले,' एवढे नेमके सांगितले तरी डॉक्टर तुमचे आभार मानतील. झोपेतून उठतानाच अंग गेलेले आढळले, तर रात्री निजताना बरे होते ती वेळ धरतात. हेही लक्षात असावे.

केडगाव आता अहिल्यानगर महापालिकेच्या हद्दीतच आहे. जिल्हा रुग्णालय जवळ, पुण्याचा मोठा रस्ता दारात. येथल्या माणसाला दवाखाना लांब आहे असे म्हणता येत नाही. तरीही आम्ही पाहतो की, निघायला वेळ लागतो. थोरला मुलगा रानातून येऊ द्या, पुण्याच्या जावयाला विचारू द्या, पैशाचे पाहू द्या, सकाळ होऊ द्या. रस्ता पंधरा-वीस मिनिटांचा आणि विचारविनिमय चार तासांचा. साडेचार तासांतले चार असे ओट्यावरच जातात.

वारीत गोष्ट निराळी असते. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी निघते ती नाशिक, सिन्नर, राहुरी अशी आपल्या नगरास येते आणि पुढे मिरजगाव, करमाळ्याच्या बाजूने पंढरीस जाते. पायी वाट जवळजवळ पंचवीस दिवसांची. नगर सोडले की मोठे दवाखाने विरळ होतात. म्हणून दिंडीप्रमुखाने रोज मुक्कामावर पोहोचताच पाण्याचा टँकर कोठे आहे हे विचारतो तसेच, येथून जवळात जवळ सीटी स्कॅन कोठे निघतो, हेही विचारून ठेवावे. शासनाने 2023 सालापासून 'आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी' नावाने पालखीमार्गांवर दवाखान्यांची सोय केली आहे. तेथे रक्तदाब, साखर पाहतात. पाय दाबून घेण्यासाठी तेथे रांग लागते. त्याच रांगेत दंडाला पट्टा बांधून रक्तदाबही मोजून घ्यावा.

आता भोवळीकडे वळू. सप्ताहात विण्याचा पहारा असतो. वीणा खाली ठेवायची नाही, पहारेकऱ्याने उभेच राहावयाचे. अशा वेळी धडधाकट तरुणही घेरी येऊन पडलेले आम्ही पाहिले आहेत. फार वेळ एका जागी ताठ उभे राहिले की रक्त पायांत साचते, मेंदूला कमी पडते, तोंड पांढरेफटक होते, घाम सुटतो, कानांत गुंई आवाज येतो आणि डोळ्यांपुढे पडदा पडतो. माणूस पडला, आडवा झाला, की रक्त पुन्हा डोक्याकडे वळते आणि मिनिटाभरात शुद्ध येते. अशास आडवेच राहू द्यावे, पाय थोडे उंच करावे, भोवती गर्दी करू नये. पुष्कळदा मंडळी त्याला धरून बसवतात. ते चूक आहे, बसवल्याने पुन्हा घेरी येते. पूर्ण शुद्धीवर आल्यावर मगच पाणी द्यावे. पहारेकऱ्याने उभ्या उभ्याच टाचा उचलून पिंडऱ्या हलवत राहावे, म्हणजे रक्त वर ढकलले जाते. पहिला घाम सुटताच शेजाऱ्याच्या गळ्यात वीणा द्यावी. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात गेल्याने पहारा मोडत नाही. विणेकरी विण्यासकट पडला तर मोडतो.

म्हाताऱ्या माणसांची अंधारी बहुधा उठताना येते. निजलेला किंवा बसलेला मनुष्य एकदम उभा राहिला की रक्तदाब उतरतो. वरचा आकडा 20 किंवा अधिक उतरला तर तो रोग समजतात. रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी होण्याच्या गोळ्या, उन्हात घामाने गेलेले पाणी, यांची भर पडली की पहाटे उठून बाहेर निघालेला म्हातारा उंबऱ्यातच पडतो आणि मांडीचे हाड मोडून घेतो. अंथरुणावर उठून बसावे, शंभर नाम घ्यावे, मग उभे राहावे. यासारखा स्वस्त उपाय नाही. उन्हाच्या वाटेवर तहान लागण्याची वाट न पाहता पाणी घेत राहावे. मीठ-साखरेचे पाणी करावयाचे तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. अधिक मीठ टाकून 'कडक' करू नये. पुडी आणली असेल तर ती पूर्ण एक लिटरात एकदमच घालावी, अर्धी-अर्धी तांब्याच्या अंदाजाने नव्हे. रक्तदाब किंवा हृदयविकार असणाराने मिठाच्या पाण्याविषयी आधी डॉक्टरास विचारलेले बरे.

उन्हात चालता चालता कोणी बडबडू लागला, अंग तापले, वेडेवाकडे चालू लागला, तर ती साधी भोवळ नव्हे, उष्माघात आहे. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत, वारा घालत, लागलीच दवाखाना. कूस बदलताना किंवा वर पाहताना काही क्षण घर गरगरते आणि थांबते, ते मात्र कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाचे असते. त्रासदायक खरे, पण डॉक्टर मान व डोके ठराविक रीतीने फिरवून ते बरे करतात. त्याकरिता महिनाभर गोळ्या गिळत बसू नये.

एकादशीचा विषय टाळून चालणार नाही. आम्ही एकादशी सोडा असे म्हणणार नाही, आणि म्हटले तरी कोणी ऐकणार नाही. पण मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन रोजच्याइतकेच घ्यायचे आणि पोटात काही नाही, यात साखर धोकादायक उतरते. हातपाय थरथरणे, ओठांभोवती मुंग्या, दरदरून घाम, भूक, मग गोंधळ, मग बेशुद्धी असा तिचा क्रम आहे. साखर 70 च्या खाली गेली की हे सुरू होते. कित्येकदा हे थेट अर्धांगवायूसारखे दिसते, म्हणून दवाखान्यात प्रथम बोटाचे रक्त काढून साखर पाहतात. शुद्धीवर असलेल्यास लगेच तीन लहान चमचे साखर पाण्यात द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नये. एकादशीच्या चार दिवस आधीच डॉक्टरास विचारून त्या दिवसापुरते औषध ठरवून घ्यावे. दूध, फळे, शेंगदाणे ठराविक वेळांस घ्यावे. नवरात्रात केडगावच्या देवीस पहाटे अनवाणी चालत येणाऱ्या माताभगिनींत नऊ दिवसांच्या उपवासाने अंधारी येणाऱ्या पुष्कळ असतात. त्यांसही हेच सांगणे. अनवाणी चालणाऱ्या मधुमेह्याची आणखी एक गोष्ट अशी की, त्याच्या तळपायांना काट्याची जाणीवच नसते. दोन्ही पायांत मोजे घातल्यासारखा बधिरपणा, रात्री आग, आणि सकाळी पाहावे तो तळव्याला जखम. अशांनी अनवाणी चालण्याचा नेम देवाला सांगून परत करावा आणि रोज रात्री तळवे आरशात किंवा नातवाकडून पाहून घ्यावे.

माळकऱ्यांस विशेष सांगावेसे वाटते ते ब-12 या जीवनसत्त्वाविषयी. हे मांस, मासे, अंडी यांत असते आणि शाकाहाऱ्यास ते दूध, दही, ताक यांतूनच मिळते. भाजी, भाकरी, कडधान्य यांत ते नाही. जो माळकरी दूधही चहापुरतेच घेतो त्याच्या शरीरात वर्षानुवर्षांनी त्याची तूट पडते. दोन्ही तळपाय व बोटांना मुंग्या, अंधारात चालताना तोल जाणे, जीभ लाल व गुळगुळीत होणे, थकवा, विसराळूपणा ही तिची लक्षणे. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी पुष्कळ वर्षे घेणाऱ्यांस ती तूट अधिक होते. रक्त तपासून कळते, गोळ्या-इंजेक्शनांनी भरून निघते, मात्र फार उशीर केला तर नसांचे नुकसान पुरते भरून येत नाही. हे कळल्यावर 'मग माळ काढावी काय?' असे एका तरुणाने आम्हांस विचारले. माळ काढण्याचे मुळीच कारण नाही. वाटीभर दही आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी, एवढ्यावर माळही राहते आणि पायही राहतात. जाता जाता हेही लिहितो की, माळ घालताना आपण मद्यमांस सोडतो, पण तंबाखूची चंची आणि मिशरीची डबी तशीच राहते. रक्तवाहिन्यांचे शत्रुत्व करण्यात तंबाखू कोणाला हार जाणारी नाही.

बधिरपणाची आणखी दोन रूपे थोडक्यात सांगतो, कारण ती वारीच्या वाटेवर भेटण्यासारखी आहेत. 2025 च्या जानेवारीत पुण्यास सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या बाजूस गुलेन-बारी नावाच्या रोगाची साथ आली. दोनशेहून अधिक संशयित रोगी सापडले. कित्येकांना आधी जुलाब झाले आणि काही दिवसांनी पायांपासून वर चढत जाणारा अशक्तपणा व झिणझिण्या सुरू झाल्या. दूषित पाण्यातून आलेल्या जंतूंचा त्यात हात असल्याचे दिसून आले. पाय गळाले, दुसऱ्या दिवशी हात गळाले, असा क्रम दिसला तर श्वासाचे स्नायू गळण्याआधी मोठे इस्पितळ गाठावे. दुसरे रूप मण्यारीचे. पावसाळ्याच्या तोंडी जमिनीवर पथारी टाकून निजलेल्यास मण्यार चावते. दंश दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, शब्द जड होतो. त्याला वारे गेले समजून मंत्र्याकडे नेऊ नये. सर्पविषावरील लस असलेला सरकारी दवाखाना आणि श्वासयंत्र, यांवर त्याचे प्राण अवलंबून असतात. मच्छरदाणी पथारीखाली खोचून निजल्यास हा धोका पुष्कळ टळतो.

छाती भरून येऊन डावा हात, खांदा, जबडा जड पडणे, सोबत घाम व भोवळ, हे हृदयाचे असते आणि त्यालाही 108 च. पाठीच्या दुखण्यात बसण्याच्या जागेचा स्पर्श कळेनासा झाला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी दाखवावे. लाजेने लोक हे सांगत नाहीत आणि कायमचे अधू होतात.

हे सर्व लिहिले, पण खरी अडचण माहितीची नाही हे आम्ही जाणतो. दिंडीतला म्हातारा मुंग्या लपवतो. का लपवतो? त्याला ठाऊक असते की, सांगितले तर टेम्पोत बसवून घरी धाडतील. चाळीस वर्षांचा नेम, आणि पंढरी आठ मुक्कामांवर राहिलेली. नेम मोडण्याचे भय त्याला मरणाच्या भयाहून मोठे वाटते. मरण आले तर वाटेवर यावे असे म्हणणारेही आहेत. त्यांच्या भावनेस आम्ही हसत नाही. पण या रोगात मरण येतेच असे नाही. पुष्कळदा येते ते अंथरूण. दहा-बारा वर्षांचे अंथरूण, आणि ते उचलायला सून. हे त्या म्हाताऱ्याने ऐकलेले असते काय?

आणि आपल्या संप्रदायाचा आरंभ तरी कशात आहे? देव दारी आला तेव्हा पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता, त्याने वीट फेकली आणि देव थांबला. तो आजवर तेथे उभा आहे. आजारी टाळकऱ्यास घेऊन दवाखान्यात गेलेल्या दोघा वारकऱ्यांची वारी खंडित झाली असे कोणी कीर्तनात सांगेल, तर आम्ही त्यास याच कथेचा अर्थ विचारू. दिंडीप्रमुखांनी निघण्याच्या दिवशीच सर्वांसमक्ष सांगून टाकावे की, ज्याचा हात जाईल, तोंड वाकडे होईल, शब्द अडेल, त्याने लपवू नये. त्याचा नेम दिंडी पुरा करील, त्याच्या नावाची तुळस पायांवर वाहील. हे एक वाक्य आधी बोललेले असले तर म्हातारा बोलेल.

आमचे टाळकरी बुवा जिवंत आहेत. आधाराने ओसरीपर्यंत येतात. व्यायाम शिकवणारे येतात, त्याने पाय बराच सुधारला. हात आणि वाचा नाही. त्यांच्या धाकट्या भावास मागील वर्षी तसाच क्षणभर हात बधिर झाला. त्यांच्या सुनेने, जिने सासऱ्याचे सारे पाहिले होते, कोणाला न विचारता रिक्षा आणली. तपासणीत मानेतली वाहिनी अरुंद झालेली आणि रक्तदाब बेसुमार वाढलेला आढळला. आता त्यांना गोळ्या चालू आहेत आणि ते काकड्याला उभे राहतात. गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत, बरे वाटले तरी बंद करायच्या नाहीत, आणि रक्तदाब 140 वर 90 च्या आत ठेवायचा, असे त्यांस बजावले आहे.

वारीस निघताना महिनाभराच्या गोळ्या बरोबर घ्याव्या आणि एक चिठ्ठी करावी. तिच्यावर नाव, गाव, कोणकोणते रोग, कोणत्या गोळ्या व किती, घरच्या दोघांचे फोन क्रमांक आणि दिंडीचा क्रमांक लिहावा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ते मोठ्या अक्षरांत. चिठ्ठी पडशीत ठेवू नये, पडशी ट्रकात जाते आणि माणूस रस्त्यावर असतो. बुक्क्याच्या डबीतही ठेवू नये. प्लास्टिकच्या लहान पिशवीत घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवावी, आणि ती तेथे आहे हे शेजारी चालणाऱ्यास सांगून ठेवावे.